वेबसाइटचा मेनू: कोणता दुवा वरच्या पट्ट्यात, कोणता तळाशी

जळगाव जिल्हा प्रशासनाची वेबसाइट कॉम्प्युटरवर उघडून ठेवा आणि मग पुढचं वाचा. सगळ्यात वर एक बारीक पट्टी दिसेल. थेट मुख्य मजकुराकडे जाण्याची सोय, अक्षरं लहान-मोठी करायची बटणं, भाषा बदलण्याचा दुवा असं काहीबाही तिच्यात असतं. तिच्याखाली बोधचिन्ह आणि जिल्ह्याचं नाव, आणि मग एक ठळक पट्टा: जिल्ह्याविषयी, विभाग, पर्यटन, सूचना, नागरिक सेवा अशा विषयांचा. आता पान सरकवत अगदी तळाला जा. तिथे संकेतस्थळाची धोरणं, मदत, संपर्क, अभिप्राय हे बारीक अक्षरांतले दुवे आहेत. धुळे आणि नंदुरबारच्या साइटही साधारण अशाच दिसतील, कारण तिन्ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच व्यवस्थेवर उभ्या आहेत.

ठळक पट्ट्यातले ते मुख्य दुवे, म्हणजे प्रायमरी नेव्हिगेशन. वरच्या बारीक पट्टीतले आणि तळाचे ते दुय्यम, म्हणजे सेकंडरी.

नवीन माणूस गडबडतो तो पुढे. दुय्यम म्हणजे बिनमहत्त्वाचं, असं तो धरून चालतो. मग गावातल्या ज्या माणसाला दुखवायचं नाही त्याचं पान वरच्या ठळक पट्ट्यात जातं आणि गिऱ्हाइकाला हवं असलेलं पान कुठेतरी तळाशी. खरं तर फरक महत्त्वाचा नाहीच, फरक येणाऱ्याच्या कामाचा आहे. भुसावळच्या एसटी स्टँडवर उतरलेला माणूस आधी फलाटावरच्या पाट्या बघतो: यावल, फैजपूर, रावेर, जामनेर. पासाची खिडकी, चौकशी, पाणपोई याही हव्याच, पण त्यांच्यासाठी कोणी स्टँडवर येत नाही. आल्यावर त्या लागतात. ज्याच्यासाठी माणूस साइटवर आला ते मुख्य, आल्यावर जे लागतं ते दुय्यम. पुढची सगळी मेहनत एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. समजा, यावल तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची साइट करायची आहे. गट ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, शेवया, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला विकतो. नावं-गावं काल्पनिक, अडचणी मात्र रोजच्या.

पायरी १: कोण येणार, ते आधी लिहून काढा

कॉम्प्युटर बंदच असू द्या. वही घ्या आणि साइटवर येणाऱ्या माणसांचे प्रकार लिहा. या गटासाठी मला चार दिसतात. पहिला, पुण्यात, नाशकात किंवा सुरतेत राहणारं खान्देशी कुटुंब, ज्यांना घरची चव हवी आहे आणि गावाकडून डबा येण्याची वाट बघायची नाही. दुसरा, किराणा दुकानदार, ज्याला ठोक भाव पाहिजे. तिसरा, बँकेचा किंवा पंचायत समितीचा माणूस, ज्याला गटाची नोंदणी आणि परवाना तपासायचा आहे. चौथा, आधीच ऑर्डर दिलेलं आणि पार्सल कुठे अडकलं ते शोधणारं गिऱ्हाईक.

प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा, त्याच्याच तोंडचं. “बिबड्या मिळतील का, किती दिवसांत येतील?” “पन्नास किलो घेतलं तर काय लावाल?” “परवाना क्रमांक कुठाय?” “माझं पार्सल अजून आलं नाही.” पहिल्या दोन वाक्यांची माणसं साइटचं पोट भरतात. त्यांची उत्तरं मुख्य दुव्यांत. तिसऱ्या-चौथ्याची उत्तरं दुय्यम दुव्यांत, पण हमखास सापडतील अशी.

गटातल्या ताई मात्र वेगळीच यादी घेऊन येतील: अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची ओळख. कोणालाही न दुखवता हे सगळं ‘आमच्याविषयी’ या एका पानावर बसवा. फोटो मोठे लावा, सगळ्या खूश राहतात. वरच्या पट्ट्यात त्यांची वेगळी जागा मात्र नको.

पायरी २: चिठ्ठ्या

साइटवर येणार असलेल्या प्रत्येक पानासाठी एक चिठ्ठी करा. वीस-पंचवीस चिठ्ठ्या सहज होतात. मग गटाबाहेरच्या तीन-चार जणांना वेगवेगळं बसवा आणि प्रत्येकाला सांगा, “जे एकत्र असावं असं वाटतं त्याचे ढीग करा आणि ढिगाला नाव द्या.” मध्ये बोलू नका. हे जड जातं, पण बोलू नका.

या साध्या खेळाला वेब डिझाइनमध्ये कार्ड सॉर्टिंग म्हणतात आणि मोठमोठ्या कंपन्याही तो करतात. त्यातून दोन गोष्टी हाती लागतात. लोकांच्या डोक्यातली विभागणी कळते: वेफर्स पापडांच्या ढिगात जातात की वेगळे राहतात, काळा मसाला आणि कळण्याचं पीठ एकत्र पडतात का. आणि ढिगांना दिलेली नावं म्हणजे तुमच्या मेनूची आयती नावं. लोक ‘वाळवण’ म्हणतात, ‘नमकीन’ म्हणतात, ‘पीठ-मसाले’ म्हणतात. ‘आमची उत्पादन श्रेणी’ असं कोणीही म्हणत नाही, तरी साइटवर ते जागोजागी दिसतं.

पायरी ३: मुख्य पट्टा

आता निवडायची वेळ. या गटासाठी मी पट्टा असा लावीन: वाळवण, वेफर्स, पीठ-मसाले, ठोक खरेदी, आमच्याविषयी, संपर्क. सहा झाले. बोधचिन्हावर दाबलं की मुख्यपान उघडतं, त्यामुळे ‘मुख्यपान’ वेगळं लिहायची गरज सहसा पडत नाही. साइट वापरायची सवय नसलेली मंडळी जास्त येणार असतील तर ठेवा, बिघडत काही नाही.

मेनूत सातच दुवे असावेत, असा एक नियम ऐकायला मिळतो. त्याचा आधार म्हणून जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचं १९५६ सालचं लेखन दाखवलं जातं, सात अधिक-उणे दोन हा आकडा तिथला. पण मिलर बोलत होते ते थोडा वेळ लक्षात ठेवायच्या गोष्टींबद्दल. मेनू डोळ्यांसमोरच असतो, तो पाठ करायचा नसतो. तेव्हा सात हा आकडा काही वेदवाक्य नाही. दुवे कमी ठेवायचे ते दोन साध्या कारणांसाठी: मराठी शब्द रुंद असतात, पट्टा दुसऱ्या ओळीवर घसरला की साइट कळकट दिसते, आणि दुवे वाढले की हवा तो दुवा शोधायला वेळ लागतो.

क्रमही लोकांच्या कामाप्रमाणे लावा. ज्याला सर्वांत जास्त मागणी तो आधी, ‘संपर्क’ शेवटी. लोकांना तो शेवटी बघायची सवय झाली आहे, ती मोडून काही मिळत नाही. एकदा ठरलेला क्रम प्रत्येक पानावर तसाच ठेवा. वेब सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, ही अपेक्षा स्पष्ट नोंदवलेली आहे: एकाच साइटवर पुन्हा पुन्हा येणारे दुवे त्याच क्रमाने यावेत. अंध माणूस स्क्रीन रीडरने साइट ऐकतो, त्याला क्रम बदलला की सगळं नव्याने शोधावं लागतं.

पायरी ४: दुय्यम दुव्यांच्या जागा

दुय्यम या एका नावाखाली वेगवेगळी कामं चालतात. जागा ठरवताना ती वेगळी करून घ्या.

वरची बारीक पट्टी सोयींसाठी: लॉगिन, कार्ट, भाषा, फोन नंबर, ‘माझी ऑर्डर कुठे आहे’. आपल्या चौथ्या माणसाचं काम इथे होतं. आधीच वैतागलेलं गिऱ्हाईक तळापर्यंत शोधत जाणार नाही, थेट फोन लावेल, आणि तो फोन कुरडया घालत बसलेल्या ताईंना हात धुऊन उचलावा लागेल.

तळाच्या दुव्यांना बहुतेक लोक उरल्यासुरल्याची टोपली समजतात. ऑनलाइन विकणाऱ्यासाठी तीच सगळ्यात जबाबदारीची जागा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर ठळक दाखवायचं असतं. अन्नपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा अंकी क्रमांकही आला. ऑनलाइन पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवेकडे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीकडे, अर्ज केला की ते साधारणपणे आधी साइट उघडून चार पानं बघतात: अटी, परतावा धोरण, गोपनीयता धोरण, संपर्क. ही पानं नसली किंवा सापडली नाहीत, तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून तळाशी दोन-तीन रकाने करा. एकात धोरणं, एकात नोंदणी आणि परवाने, एकात पत्ता आणि वेळ. बँकेच्या माणसाचंही काम भागलं. मुख्य पट्ट्यातले दुवे तळाशी पुन्हा दिले तरी चालतात. पान वाचत खाली पोचलेल्याला परत वर जावं लागत नाही.

तिसरा प्रकार विभागाच्या आतला. ‘वाळवण’ उघडलं की वरच एक ओळ: बिबड्या, कुरडया, शेवया, उडदाचे पापड. ही दुसऱ्या पातळीची यादी फक्त त्या विभागात दिसते. तिच्यासाठी मुख्य पट्ट्यात माउस नेल्यावर उघडणारी घसरयादी लावायचा मोह होईल. कॉम्प्युटरवर ती छान दिसते, पण मोबाइलवर माउस नसतो, आणि तुमची बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवरून येणार. तिथे ‘वाळवण’वर बोट ठेवलं की पान उघडणार की यादी, हेच कळत नाही. लहान साइटला घसरयादीची गरज नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि चौथी, मागचा रस्ता दाखवणारी ओळ: मुख्यपान › वाळवण › बिबड्या. तिला ब्रेडक्रम्ब म्हणतात. चार पानांच्या साइटला ती शोभेपुरती. पण लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून थेट बिबड्यांच्या पानावर उतरतात. ‘आणखी काय आहे?’ हे त्यांना कळण्याची सोपी वाट हीच.

पायरी ५: नावं, आणि देवनागरीची काळजी

दुव्याचं नाव एक-दोन शब्दांचं असावं आणि दाबल्यावर काय उघडेल ते त्यातून कळावं. ‘आमचा प्रवास’, ‘स्वाद विश्व’, ‘क्षितिज’ ही नावं बारशाला ठीक. दुव्यावर पीडीएफ उघडणार असेल तर तसं लिहा: ‘दरपत्रक पीडीएफ’. नेट मंद असलेल्या गावात बसलेल्या माणसाला ते आधी कळलेलं बरं.

साइटचा तयार साचा म्हणजे थीम. विकत किंवा फुकट मिळणाऱ्या बहुतेक थीम इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. मेनूच्या अक्षरांमध्ये ऐटीत थोडी जागा सोडलेली असते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘वाळवण’चे चार तुकडे दिसतात. थीमच्या सेटिंगमध्ये लेटर स्पेसिंग असेल तिथे शून्य करा. दुसरं, ओळीची उंची. ती आखडती असली की वरची मात्रा-वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. तपासायला ‘मुख्यपान’ आणि ‘कैऱ्या-फोडी’ असे शब्द मेनूत घालून बघा.

पानाचा वेब पत्ता, म्हणजे यूआरएल, मात्र रोमन अक्षरांत ठेवा. पानाचं नाव मराठीत दिलं की वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, पत्ताही मराठीत बनवतं, आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्के-चिन्हांची आणि आकड्यांची हातभर माळ होते. बघणाऱ्याला वाटतं, फसवणुकीचा दुवा आहे. पान प्रसिद्ध करण्याआधी पर्मालिंकच्या, म्हणजे पानाच्या पत्त्याच्या, रकान्यात छोटं रोमन नाव लिहा. मेनूत दिसणारं नाव मराठीच राहतं.

पायरी ६: वर्डप्रेसमध्ये प्रत्यक्ष

जुन्या पद्धतीची थीम असेल तर ॲपिअरन्समध्ये मेनूज असा पर्याय असतो. वर्डप्रेसमध्ये ही सोय २०१० पासून आहे. दोन मेनू तयार करा, एकाला ‘मुख्य’ आणि दुसऱ्याला ‘तळ’ नाव द्या. डावीकडून पानं निवडून घाला, माउसने ओढून क्रम लावा. एखादा दुवा थोडा उजवीकडे ओढला की तो वरच्याचा उपदुवा होतो. नकळत तसं झालं असेल तर परत डावीकडे आणा. मग डिस्प्ले लोकेशनमध्ये ‘मुख्य’साठी प्रायमरीवर आणि ‘तळ’साठी फुटरवर, म्हणजे पानाच्या तळाच्या जागेवर, खूण करा. जागांची ही नावं थीमप्रमाणे बदलतात, हेडर किंवा टॉप बार असंही दिसेल.

तिथेच एक खूण असते, नवीन पानं आपोआप मेनूत घालण्याची. ती बंद ठेवा. चालू राहिली तर कच्चं म्हणून केलेलं पानही प्रसिद्ध होताच वरच्या पट्ट्यात जाऊन बसतं.

२०२२ च्या सुरुवातीला आलेल्या वर्डप्रेसच्या ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीमचा, म्हणजे ब्लॉक नावाचे तुकडे जुळवून पान बनवायच्या थीमचा, जमाना आहे. तुमच्याकडे ॲपिअरन्समध्ये मेनूजऐवजी एडिटर दिसत असेल तर तुमची थीम त्यातली. एडिटर उघडा, हेडरवर दाबा, त्यातला नेव्हिगेशन ब्लॉक निवडा. सुरुवातीला त्यात बहुधा सगळ्या पानांची आपोआप बनलेली यादी असते. ती काढून एकेक दुवा हाताने घाला. फुटरमध्ये दुसरा नेव्हिगेशन ब्लॉक, त्याला वेगळा मेनू. ओव्हरले मेनूच्या पर्यायात ‘मोबाइल’ निवडा, म्हणजे लहान पडद्यावरच मेनू मिटेल.

कोणाकडून साइट करून घेत असाल तर त्याला दोन गोष्टी विचारा. दोन्ही मेनू नॅव्ह या टॅगमध्ये, म्हणजे ‘हा मेनू आहे’ असं सांगणाऱ्या कोडच्या खुणेत, आहेत का, आणि दोघांना वेगळी नावं दिली आहेत का. स्क्रीन रीडर ती नावं वाचून दाखवतो: ‘मुख्य मेनू’, ‘तळाचे दुवे’. नावं नसतील तर दोन्हीकडे नुसतंच ‘नेव्हिगेशन’ ऐकू येतं.

पायरी ७: मोबाइल

तीन आडव्या रेघांचं चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या स्टार या कॉम्प्युटरसाठी काढलं होतं, ते मशीन १९८१ मध्ये बाजारात आलं. आज ते सगळीकडे आहे, तरी रेघांच्या शेजारी ‘मेनू’ हा शब्द लिहा. फुकट जागा आहे.

त्या रेघांमागे सगळं लपवणं मात्र मला पटत नाही. न दिसणारा दुवा कोणी दाबत नाही. शक्य असेल तर मोबाइलवर तळाला चार बटणांची कायमची पट्टी ठेवा: वाळवण, कार्ट, व्हॉट्सॲप, मेनू. बाकी सगळं मेनूत. बटणांमध्ये अंतर हवं. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (वेब पानावर मापं मोजायचं एकक) दिलं आहे. ते अगदीच किमान झालं, पिठाच्या बोटांनी फोन वापरणाऱ्यांसाठी त्याच्या दुप्पट धरा.

पायरी ८: तपासणी

साइट कधीही न बघितलेल्या माणसाच्या हातात फोन द्या. “दोन किलो बिबड्या मागवायच्या आहेत” एवढंच सांगा. पहिला अंगठा कुठे जातो ते बघा. मग “पार्सल फुटकं आलं तर काय करणार?” हे विचारा, म्हणजे दुय्यम दुव्यांची परीक्षा होते. तो अडला तर त्याला समजावू नका, दुव्याचं नाव किंवा जागा बदला.

कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवून टॅबची कळ दाबत जा. आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे चौकटीने किंवा रेघेने दिसलं पाहिजे. पहिल्याच टॅबला ‘मुख्य मजकुराकडे जा’ दिसलं तर उत्तम. सरकारी साइटवर तो दुवा त्यासाठीच असतो, दर पानावर सगळा मेनू ऐकावा लागू नये म्हणून. उघडलेल्या पानाचा दुवा मेनूत वेगळा दिसतो का तेही बघा, नुसत्या रंगाने नको, अधोरेषा हवी. रंगांतला फरक सगळ्यांना दिसत नाही. आणि प्रत्येक दुवा एकदा स्वतः दाबून पाहा.

साइट सुरू झाल्यावर मेनू हात न लावण्याची वस्तू नाही. उन्हाळ्यात, वाळवण घालायच्या दिवसांत ‘आगाऊ नोंदणी’ हा दुवा वरच्या पट्ट्यात आणायला हरकत नाही. पावसाळा लागला की तो काढा. पान कायमचं बंद करणार असाल तर मेनूतून काढून थांबू नका, जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट लावा. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगिन, म्हणजे जास्तीची सोय देणारे जोड-प्रोग्राम, मिळतात. सुरतेतल्या कुठल्या तरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या वर्षीचा दुवा पडलेला असतो आणि लोक त्याच्यावरूनच येतात.